सदतीस तासांत काय काय होतं? संसदेचं २०२५ आणि तुमचे प्रश्न

हिवाळी अधिवेशन १९ डिसेंबरला उरकलं तेव्हा मी सहज लिहून गेलो की संसदेच्या वर्षभराच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, तर ढीगच आला, आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच वाक्य, "हे लोक तिकडे जाऊन करतात तरी काय हो?" आता याचं उत्तर एका वाक्यात मलाही देता येत नाही, म्हणून ज्या पत्रांत काहीतरी नेमकं विचारलं होतं तीच निवडली. नावं छापत नाही, गावाचं नाव पुरे.

वर्तकनगर, ठाणे. वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले एक काका विचारतात:
एकतीस वर्षं कंपनीत घासली आणि पेन्शन येते बाराशेच्या आत. ईपीएस-९५ चा, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेचा प्रश्न संसदेत दर अधिवेशनाला येतो असं आमच्या ग्रुपवर वाचतो, मग होत का नाही काही? की प्रश्न विचारणं म्हणजे नुसता देखावा?

काका, तुमचं पत्र सगळ्यात वर ठेवलं होतं कारण संसदेचं काम कसं चालतं आणि कुठे अडतं हे दोन्ही या एका पेन्शनमध्ये दिसतं. आधी प्रश्नांचं गणित सांगतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, म्हणजे ज्यांना मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर खासदाराला उपप्रश्न विचारता येतो, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरं फक्त लेखी येतात. कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं, म्हाडाच्या घरासारखंच. तुमच्या पेन्शनवरचे बहुतेक प्रश्न अतारांकित असतात त्यामुळे टीव्हीवर ते कधी दिसतच नाहीत, पण उत्तर छापील स्वरूपात पटलावर येतंच, सभागृहात कितीही गोंधळ असला तरी येतं.

आता ते उत्तर काय असतं तर दर वेळी जवळपास तेच. मालकाचे ८.३३ टक्के, केंद्राचे १.१६ टक्के, तेही १५,००० पगाराच्या मर्यादेपर्यंत, आणि सप्टेंबर २०१४ पासून किमान हजार रुपये पेन्शन सरकार स्वतःच्या बजेटमधून पैसे घालून देतंय. इथे उत्तर संपतं. तुम्ही म्हणाल हा देखावाच झाला की, पण थांबा. राज्यसभेची एक याचिका समिती असते, साधा नागरिक तिच्याकडे अर्ज करू शकतो. ईपीएसच्या पेन्शनरांनी तेच केलं, समितीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि २०१३ मध्ये अहवाल दिला की किमान पेन्शन तीन हजार करा. या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, हो तेच, जे नंतर आपल्याकडे राज्यपाल होते. म्हणूनच तुमच्या ग्रुपवर सारखं "कोश्यारी समिती लागू करा" येत असतं. कामगार खात्याच्या स्थायी समितीनेही पेन्शन वाढवा असं सांगून झालंय. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि खरी गोम तिथेच आहे, संसद सरकारला विचारू शकते, खडसावू शकते, पण तिजोरीतून पैसे काढायचा प्रस्ताव सरकारनेच आणावा लागतो.

मग खासदाराला काय सांगायचं? "पेन्शन वाढवा" असं निवेदन नका देऊ, त्याला छापील उत्तर ठरलेलं आहे. नेमकं विचारायला लावा, समितीच्या अमुक शिफारशीवर खात्याने काय ठरवलं, कुठल्या तारखेला, अर्थ खात्याने काय कळवलं. प्रश्न १५० शब्दांच्या आत बसला पाहिजे आणि नोटीस निदान १५ दिवस आधी जायला हवी, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र पाठवून उपयोग नाही. आणि उत्तरात "विचाराधीन आहे" असे शब्द आले तर ते कात्रण जपून ठेवा, कारण असे शब्द संसदेच्या हिशोबात आश्वासन धरले जातात आणि मग आश्वासन समिती खात्याच्या मागे लागते, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. तीन महिन्यांत होतंच असं नाही, पण फाईल बंद तरी होत नाही. अधिकारी म्हणूनच ते दोन शब्द फार जपून लिहितात.

ऐरोली. आयटीतली एक ताई:
ऑफिस सुटल्यावर बॉसचा कॉल उचलायचा नाही असा कायदा डिसेंबरमध्ये आला म्हणे? आमच्या टीमच्या ग्रुपवर सगळे पार्टी मागतायत.

पार्टी कॅन्सल करा. ५ डिसेंबरला शुक्रवारी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत "राइट टू डिस्कनेक्ट"चं विधेयक मांडलं हे खरं, पण ते खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. मांडलं म्हणजे नुसतं टेबलावर आलं. अशा विधेयकांसाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखलेले असतात आणि त्यातही रांग केवढी, बहुतेकांवर चर्चासुद्धा होत नाही. स्वातंत्र्यापासून आजपर्यंत फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झालेत आणि शेवटचा झाला १९७० साली, तेव्हा ऐरोलीत खाडी आणि भातशेती होती. सुळेबाईंनीच हे २०१८ मध्येही एकदा मांडलं होतं. उपयोग एवढाच की विषय रेकॉर्डवर येतो, पेपरात चर्चा होते, आणि कधीकधी सरकारला कल्पना पटली तर ते स्वतःचं विधेयक आणतं. तोवर कॉल उचला, काय करणार.

नेरूळ. न्हावा-शेव्याला क्लिअरिंगचं काम करणारे एक दादा:
आमच्या लाईनमधले कायदे यंदा बदलले असं ऑफिसात ऐकलं. पण टीव्हीवर तर रोज गोंधळच चालू होता, मग बदलले कधी?

दादा, गोंधळातच बदलले! आणि एक-दोन नाही, जहाज-बंदराचे पाच कायदे एका वर्षात. तुमचा रोजचा बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजात माल चढवल्याची पावती, त्याचा कायदा होता १८५६ चा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ ला, तिच्यानंतर तीन वर्षांनी केलेला कायदा आपण २०२५ पर्यंत वापरत होतो. नवा कायदा लोकसभेत मार्चमध्ये पास झाला आणि राज्यसभेत २१ जुलैला, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी. संध्याकाळी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतीपदाचा राजीनामा दिला, मग तुमच्या बीएलकडे कोण बघतंय!

घाबरायचं कारण नाही, मूळ तत्त्व तेच आहे, बीएलवर ज्याचं नाव किंवा ज्याच्या नावे एन्डॉर्स केला त्याच्याकडे मालासंबंधीचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही जातात. भाषा सोपी केली आणि केंद्राला याबाबत निर्देश देण्याचा अधिकार घातला. बाकीचे चार म्हणजे समुद्रमार्गे मालवाहतूक (जुना १९२५ चा), मर्चंट शिपिंग (१९५८ चा), किनारी जहाजवाहतूक आणि बंदरांचा कायदा (१९०८ चा). हे ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून निघाले. ज्या खात्याच्या कायद्यावर उरण-पनवेलची हजारो घरं चालतात त्यावर सभागृहात धड चर्चा व्हायला हवी होती असं मला वाटतं, पण त्या दिवसांत विरोधक बिहारच्या मतदारयादी पडताळणीवर चर्चा मागत वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उभे होते, सरकार चर्चा द्यायला तयार नव्हतं आणि आवाजी मतदानाने विधेयकं पुढे सरकत होती. आता कोण चुकलं म्हणाल तर विरोधकांना अडवायचं होतं ते दिसतंच, पण गोंधळात विधेयक पास करून घेणं सरकारलाही सोयीचंच पडतं, अवघड उपप्रश्न कुणी विचारत नाही.

गोखले रोड, ठाणे. सीएची आर्टिकलशिप करणारा एक विद्यार्थी:
सर, नवा इन्कम टॅक्स ॲक्ट काही मिनिटांत पास झाला. एवढा जाडजूड कायदा न वाचताच?

सभागृहात मिनिटांत पास झाला, पण वाचला गेला होता, फक्त दुसरीकडे. १३ फेब्रुवारीला विधेयक मांडलं, लगेच ३१ खासदारांच्या प्रवर समितीकडे गेलं, बैजयंत पांडा अध्यक्ष. समितीने चार-पाच महिने बसून २१ जुलैला अहवाल दिला, त्यात २८५ सूचना. मग सरकारने ८ ऑगस्टला जुना मसुदाच मागे घेतला, सुधारून ११ ऑगस्टला नवीन आणला, त्याच दिवशी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत पास. ८१९ कलमांची ५३६ झाली, आणि तुम्हाला पाठ करायला लावलेलं "असेसमेंट इयर" गेलं, आता सरळ "टॅक्स इयर". १ एप्रिल २०२६ पासून लागू, अभ्यास बदला.

मला विचाराल तर संसदेचं खरं काम हल्ली या समित्यांतच होतं. कॅमेरा नसतो, त्यामुळे घोषणा द्यायचं कुणाला सुचत नाही, सगळ्या पक्षांचे लोक चहा पीत कलम-कलम वाचतात. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या अशा २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ जण, आणि सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचा अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा असतो. पण कुठलं विधेयक समितीकडे पाठवायचं ते ठरतं सरकारच्या मर्जीवर. ऑनलाईन गेमिंगचं बघ ना, २० ऑगस्टला मांडलं, त्याच दिवशी लोकसभा, २१ ला राज्यसभा, खलास. पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले त्याचं मला दुःख नाही, आमच्या सोसायटीतला एक मुलगा त्यात बाईक विकून बसलाय, पण समितीने पाच-सहा आठवडे जरी घेतले असते तरी काय बिघडलं असतं?

कळवा. एक गृहिणी:
आम्ही राहतो ठाणे महापालिकेत, स्टेशन ठाण्याच्या पुढचंच, आणि खासदार कल्याणचे. असं का? काम कुणाला सांगायचं?

ताई, महापालिका आणि लोकसभेच्या सीमा वेगवेगळ्या आखलेल्या असतात. मुंब्रा-कळवा विधानसभा कल्याण लोकसभेत मोडते, खासदार श्रीकांत शिंदे. उलट ऐरोली आणि बेलापूर नवी मुंबईत असून ठाणे लोकसभेत, खासदार नरेश म्हस्के. आणि खारघर-कामोठे-पनवेल-उरण तर मावळात, श्रीरंग बारणे, म्हणजे घाट चढून पिंपरी-चिंचवडच्या लोकांबरोबर एकच खासदार. गटार, पाणी, कचरा हे नगरसेवकाला सांगा. रेल्वे, पीएफ, पासपोर्ट, पोस्ट असल्या गोष्टी खासदाराला. वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी असतो, त्यातून मतदारसंघातलं काम सुचवता येतं. एक गंमत सांगतो, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं परदेशात भारताची बाजू मांडायला गेली, त्यातल्या एकाचे नेते तुमचेच खासदार होते, यूएई, काँगो, सिएरा लिओन, लायबेरिया असा दौरा, आणि दुसऱ्या एकाच्या सुप्रिया सुळे. त्यामुळे मे महिन्यात पत्राला उत्तर आलं नसेल तर समजून घ्या.

कोपरी, ठाणे. रिक्षा चालवणारे एक वाचक:
आम्ही एक दिवस गाडी बंद ठेवली तर त्या दिवशी चूल थंड. यांना अधिवेशन वाया घालवून पगार मिळतो, वर वाढतोही. काम नाही तर दाम नाही असा नियम का नाही?

राग बरोबर आहे तुमचा. आकडेच सांगतो. वर्षभरात तीन अधिवेशनं झाली, बजेटचं २६ दिवस, पावसाळी २१ आणि हिवाळी १५, म्हणजे अख्ख्या वर्षात ६२ बैठका. पहिल्या लोकसभेच्या काळात हे प्रमाण वर्षाला सरासरी १३५ होतं. राज्यघटनेत किती दिवस बसायचं ते लिहिलेलंच नाही, फक्त दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढंच आहे. पावसाळी अधिवेशनात लोकसभेसाठी १२० तास ठरवले होते, काम झालं ३७ तास. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला आकडा वेगळाच आहे, त्या महिनाभरात ४१९ तारांकित प्रश्न लागले होते आणि तोंडी उत्तर मिळालं फक्त ५५ ना. उरलेल्यांची लेखी उत्तरं आली, पण मंत्र्याला तोंडावर उपप्रश्न विचारायची संधी गेली ती गेलीच. वर वर्तकनगरच्या काकांना उपप्रश्नाचं जे सांगितलं ते या प्रश्नोत्तराच्या तासातच होणार असतं.

पगाराचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये आदेश निघाला, एक लाखाचे १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागच्या तारखेने. दैनिक भत्ता दोन हजारांचा अडीच हजार, त्यासाठी रजिस्टरवर सही लागते, सभागृहात बसलं पाहिजे असं नाही. पगार कापायच्या मी मात्र बाजूने नाही. ज्याच्या कंपन्या आहेत, बिल्डिंगी आहेत, त्याला सव्वा लाख कापल्याने फरक पडत नाही, जो खासदार पगारावर जगतो तोच तेवढा दबेल. त्यापेक्षा वर्षाचं कॅलेंडर आधीच ठरवून टाका आणि वाया गेलेला तास त्याच आठवड्यात शनिवारी भरून काढा. आमच्या शाळेत पावसाची सुट्टी अशीच रविवारी भरून घ्यायचे, जाम चिडायचो आम्ही.

आणि हो, मनात आणलं तर बसतातही. एप्रिलमध्ये वक्फ विधेयकावर लोकसभा मध्यरात्र उलटून चालली, २८८ विरुद्ध २३२ अशी मोजून मतं पडली, आणि राज्यसभा तर सकाळी अकराला बसली ती दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठली. विधेयक आवडो न आवडो, त्या दोन रात्री दोन्ही बाजूंनी लोक तयारी करून बोलले, मी जागून ऐकलं.

उलवे. एक तरुण:
नवी मुंबई विमानतळ सुरू झाला पण त्याला दि. बा. पाटलांचं नाव कधी? संसदेत ठराव का होत नाही?

कारण नाव देणं हे संसदेचं कामच नाही. राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून पाठवायचा, तो २०२२ मध्ये झाला, आणि पुढचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा. खासदार फार तर शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली विषय काढू शकतो, म्हणजे सरकारला आठवण करून देऊ शकतो. पण बघा ना, दि. बा. पाटील स्वतः कुलाब्यातून (मुंबईतला नव्हे, आजचा रायगड) दोनदा, १९७७ आणि १९८४ ला, लोकसभेवर निवडून गेले होते. शेकापचा माणूस, जासईच्या शेतकऱ्यांच्या जमीन आंदोलनात रस्त्यावर आणि नंतर दिल्लीत सभागृहात. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला तो मुख्यतः रस्त्यावरच्या रेट्याने, हेही तितकंच खरं.

वाशी. नववीतली एक मुलगी:
संसदेत मराठीत बोलता येतं का? आमच्या टीचर नाही म्हणाल्या.

टीचरना सांग, येतं. घटनेच्या कलम १२० प्रमाणे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत, पण अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. आधी कळवलं की दुभाषी भाषांतर करतात आणि बाकीचे कानाला हेडफोन लावून ऐकतात. मराठीची सोय जुनीच आहे, आणि २०२५ मध्ये घटनेतल्या सगळ्या २२ भाषांची झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मराठी घरातलेच, फक्त राहिले अहमदाबादला. टीचरना जरा हळू सांग हं.

नौपाडा, ठाणे. एक आजोबा, पोस्टकार्डावर:
संसदेच्या कँटीनमध्ये बारा रुपयांत जेवण मिळतं हे खरं का?

आजोबा, तो मेसेज माझ्या फोनवरही वर्षातून चार वेळा येतो. कधीकाळी तसे दर होते, पण जानेवारी २०२१ मध्ये सबसिडी बंद झाली. आता तिथे जेवायला बसलात तर मामलेदारची मिसळ स्वस्त पडेल, आणि तिखटाला तर तोडच नाही.